माळावरची माउंटन बाईक

करमाळा तालुक्यात डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना आणि दोघींच्या मधे कुठे चढत, कुठे उतरत गेलेला माळ. उजनीचं पाणी जिथवर पोचलं तिथे ऊस आणि कंदरची केळी; जिथे नाही पोचलं तिथे कुसळं आणि वेडी बाभळ. तरीही आमच्याकडच्या पोरांच्या हातात आज दिसते ती माउंटन बाईकच. जाड टायर, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, आडवं सरळसोट हँडल आणि फ्रेमवर इंग्रजीत लिहिलेलं काहीतरी रागीट. मडगार्ड नाही, स्टँड असला तर नावाला, कॅरिअरचा तर पत्ताच नाही. डबा कुठे ठेवायचा, पिशवी कुठे अडकवायची, हे प्रश्न ही सायकल विचारूच देत नाही.

माझ्याकडे आली ती भाच्याची. शाळेसाठी तो आमच्याकडे राहिला, दहावी झाल्यावर बहिणीने त्याला ती घेऊन दिली, मग तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल आमच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. मी ती बाहेर काढली ती पेट्रोल वाचवायला नाही की कुठला संकल्प सोडायला नाही. निवृत्तीनंतर सकाळ मोकळी असते आणि देवीच्या माळापर्यंत पायी जाऊन यायचं तर ऊन चढतं, एवढंच कारण.

सायकल आमच्या पिढीला नवी नाही. चोवीस इंची सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारलेली माणसं आम्ही. पण या सायकलवर बसलो की अंग निराळीच तक्रार करू लागे. हनुवटी पुढे, मान वर मोडलेली, खांदे कानांना लागलेले आणि सगळा भार मनगटाजवळच्या उंचवट्यावर. घरी येईपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. रस्त्याचं डांबर तेवढं स्वच्छ दिसायचं: खडी कुठे उचकटलीय, ट्रॉलीतून पडलेलं उसाचं टिपरू कुठे चेपलंय. माणसं दिसायची ती कमरेपासून खाली. करमाळ्यासारख्या गावात ही अडचण लहान नाही. ‘रामराम गुरुजी’ला उत्तर द्यायला जरा उशीर झाला, की ‘गुरुजी आता ओळख देत नाहीत’ ही बातमी आपल्याआधी घरी पोचते.

आठ-दहा हजारांच्या आतबाहेरची ही सायकल बहुधा एकाच मापाच्या फ्रेममध्ये निघते. महागड्या सायकलींना लहान, मध्यम, मोठी अशी मापं असतात. स्वस्तात निवड असते ती चाकाची: सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस. गिऱ्हाईक त्यालाच सायकलचं माप समजतं आणि विकणारा ती समजूत मोडत नाही. सायकल खोक्यातून अर्धी जोडलेली येते. दुकानात पुढचं चाक, हँडल, पायडल बसवतात, सीट खाली दाबून पोराचे पाय जमिनीला टेकतात ना एवढं बघतात, आणि झालं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा सायकल विकण्याबरोबर तिथे ती चालवायलाही शिकवत. तो काळ वेगळा, सायकल तेव्हा श्रीमंतांची चैन होती. पण घेणाऱ्याला निदान विकणाऱ्यासमोर बसून दाखवावं लागत होतं.

आमच्या गावातल्या मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे पाण्याची परात, बाजूला टांगलेल्या ट्यूबा. भाड्याने तासावर सायकली द्यायचे तेव्हापासून माझी ओळख. आता त्यांच्याकडे मोटरसायकलींची पंक्चरंच जास्त. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“गुरुजी, सायकल बरी हाय. माप तुमचं न्हाई.”

“मग विकू म्हणता?”

“कशापायी? हात लावा की जरा.”

हात लावणं म्हणजे खरोखरच हात लावणं. उजव्या हाताची बोटं त्यांनी पायडलच्या आसाला, क्रँक जिथे फिरतो तिथे टेकवायला लावली आणि सीट बगलेत येते का ते पाहिलं. सीट वीतभर खाली होती. जुन्या मिस्त्र्यांचं माप हेच. घरी येऊन मी ते पट्टीने आणि कागदाने पडताळलं. जांघेपासून टाचेपर्यंत माझी आतली लांबी ७८ सेंटिमीटर भरते. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँच्या नावाने एक सूत्र चालतं: ही लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माझं उत्तर येतं ६८.९. दुसरं सूत्र त्याहून जुनं, १९६० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या प्रयोगांवरचं: पायडल सगळ्यात खाली असताना तिथपासून सीटपर्यंत लांबीच्या १०९ टक्के. त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की ६८ उरतात. दोन सूत्रांत बोटाच्या जाडीपेक्षाही कमी फरक, आणि मिस्त्रींची बगल त्या दोघांच्या आसपासच. या फरकाकडे बघून मला गणितापेक्षा बगलेबद्दल आदर वाटला.

खरा मुद्दा गुडघ्याचा. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा. अभ्यासक पंचवीस ते पस्तीस अंशांचा वाक सांगतात. सीट खाली असली तर गुडघा दर फेऱ्याला जास्त दुमडतो आणि वाटीच्या पुढे दुखतं. फार वर असली तर पाय पोचवायला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि दुखणं गुडघ्याच्या मागे जातं. सीट वर घेतली की थांबल्यावर पाय टेकत नाहीत म्हणून आमच्याकडे ती कोणी वर घेत नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा, ही एवढी सवय लावून घेतली की गुडघे वाचतात. पण ती सवय लागेपर्यंत चौकात आपण पडणार अशी बघ्यांना आशा असते.

सीट वर गेली आणि पाय सुखावले. हात मात्र जास्त दुखू लागले. साधं होतं: सीट वर, हँडल तिथेच, म्हणजे धड आणखी पुढे झुकलं. सायकलवर एक जागा हलवली की दुसऱ्या दोन जागांचा हिशोब बदलतो. सीट, पायडल, हँडल अशा तीन ठिकाणी शरीर टेकलेलं असतं आणि वजन त्या तिघांत वाटून घ्यायचं असतं. एकाने अंग काढलं की बाकीच्या दोघांवर येतं. आमच्या भाऊबंदकीत वाटण्या यापेक्षा सोप्या होतात असं मी म्हणणार नाही, पण तिथे निदान तलाठी असतो.

यानंतर मिस्त्रींनी जे केलं ते मला उलटं वाटलं. हात दुखतात तर हँडल जवळ हवं, म्हणजे सीट पुढे सरकवावी, असा माझा हिशोब. त्यांनी सीटखालच्या दोन सळयांवरची पकड ढिली केली आणि सीट मागे ढकलली. “उभं ऱ्हावा आणि वाका बरं फुडं,” म्हणाले. वाकलो. “बूड कुठं गेलं?” मागे गेलं होतं. भिंतीला टाचा आणि बूड टेकवून वाकायला गेलं तर माणूस तोंडावर येतो. सायकलवरही तेच आहे: बैठक पायांच्या मागे असली की धड स्वतःच्या तोलावर राहतं आणि हातांना खांब व्हावं लागत नाही. जुन्या काळ्या सायकलींच्या सीटची नळी बरीच मागे कललेली असायची, तिथे हा तोल फ्रेममध्येच बांधलेला होता. माउंटन बाईकची नळी त्यामानाने उभी, कारण ती चढावर जोर लावायच्या हिशोबाने आखलेली. सळयांवर मिळून सरकायला जागा असते ती चार-पाच सेंटिमीटरची. आम्ही ती जवळजवळ सगळी वापरली. सीटचं नाक जरा वर होतं ते पातळीत आणलं. खाली झुकवलं असतं तर घसरून पुन्हा हातांवरच आलो असतो.

मऊ सीटबद्दल एक बोललंच पाहिजे, कारण आराम म्हटलं की आपल्याकडे पहिली उडी जेलच्या कव्हरवर. अंगठा रुतेल अशी गादी दुकानात फार छान वाटते. पण बैठकीची दोन हाडं तिच्यात बुडाली की मधला नाजूक भाग वर दाबला जातो आणि थोड्या अंतरानंतर मुंग्या येतात. हाडांना आधार देणारी, आपल्या बैठकीइतकी रुंद आणि बऱ्यापैकी टणक सीट जास्त टिकते. जितकं ताठ बसाल तितकी ती रुंद लागते, कारण वजन मागे येतं. भाच्याची सीट वाकून बसणाऱ्याची, अरुंद. मिस्त्रींनी माळ्यावरून खाली स्प्रिंगा असलेली एक रुंद सीट काढून दिली. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला. “मामा, तुम्ही तिचा लूक घालवताय.”

लूक जायचा तो हँडलने गेला. स्वस्त सायकलीत एक गोष्ट महाग सायकलीपेक्षा बरी असते. महागड्यांत हँडलची दांडी वरून शिकंज्यासारखी आवळलेली असते आणि तिची उंची चकत्यांवर ठरते. चिमट्याची नळी एकदा कापली की वर जायला वाव नाही. भाच्याच्या सायकलला जुन्या पद्धतीची दांडी होती: आत नळीत गेलेली, तळाला पाचर, वरून एक लांब बोल्ट. बोल्ट चार आटे ढिला केला, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने टोला दिला, पाचर सुटली, दांडी वर आली. तिच्यावर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसली तर समजायचं फार ओढलं, आता दांडी भर रस्त्यात हातात येईल. रेघ आत ठेवून आम्हाला दोनेक बोटं मिळाली. मान सुटली, पण पुरती नाही, कारण सरळ हँडल लांबच राहिलं. फ्रेमची लांबी कोणाच्या बापाला कमी करता येत नाही.

तेव्हा मिस्त्री जरा आवाज उतरवून म्हणाले, “गुरुजी, एक हाय. पन तुमी राग मानचाल.”

ते लेडीज सायकलचं हँडल होतं. वर उठून मागे वळलेलं, मुठी थेट मांडीच्या दिशेने येणाऱ्या. दोन्ही हँडलं मधे, पकडीच्या जागी, एकाच जाडीची आणि मुठीही एकाच मापाच्या, त्यामुळे ब्रेकची मूठ आणि गिअरचा खटका जसेच्या तसे चढले. मागच्या ब्रेकची केबल तेवढी तोकडी पडली, ती लांब आणावी लागली. ब्रेकची मूठ त्यांनी बोटांच्या रेषेत, किंचित खाली वळवून बसवली. मनगट मागे मोडून ब्रेक दाबायची माझी कसरत थांबली. बोटं बधिर होण्याचं मूळ तिथेच आहे. करंगळीकडे जाणारी नस मनगटाच्या खालच्या कोपऱ्यातून जाते, आणि मोडलेल्या मनगटावर वजन आणि रस्त्याचे हादरे एकदम आले की तीच आधी चेमटते.

लेडीज हँडल लावलेली माउंटन बाईक घेऊन मी गावातून गेलो तेव्हा काय काय ऐकलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. “गुरुजी, बाईंची आणली का आज?” हे त्यातलं सभ्य. मला गंमत वाटली ती वेगळ्या कारणाने. ‘सैराट’मध्ये आर्ची बुलेटवर येते तेव्हा ती कशी बसते आठवा: पाठ ताठ, हात सैल, नजर समोरच्यावर. २०१६ साली सगळ्या महाराष्ट्राने त्या बसण्याला शिट्ट्या मारल्या. तो सिनेमा करणारे नागराज मंजुळे याच तालुक्यातल्या जेऊरचे, आणि चित्रीकरणही बरंचसं इथल्याच मातीत झालं. अजून बाहेरची पोरं जागा शोधत येतात. म्हणजे पाठ ताठ ठेवून बसणं आमच्याकडे रुबाबाचं आहे, फक्त खाली इंजिन पाहिजे. इंजिन काढून घेतलं की तीच बैठक म्हाताऱ्याची होते, नाहीतर बाईची. आणि वाकून, धापा टाकत, डांबराकडे बघत जाणं हे तरुणाचं. कोणी ठरवलं हे?

भाच्याने फोनवर ‘माउंटन बाईकचा अपमान’ असा शब्द वापरला, तेव्हा मी तिच्या घराण्याची चौकशी केली. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात, १९७० च्या दशकात काही पोरं माउंट टॅमलपायसच्या आसपासच्या मातीच्या वाटांवरून सायकली उतारावर सोडायची. पुढे ज्यांची नावं मोठी झाली ते जो ब्रीझ आणि गॅरी फिशर त्यांच्यातलेच. त्यांच्या ‘रीपॅक’ शर्यती १९७६ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्या. उताराने मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. आणि सायकली कुठल्या? भंगारात मिळणाऱ्या, १९३० आणि ४० च्या सुमाराच्या, जाड टायरच्या श्विन. वजनाला धोंडे, आणि हँडल उंच, रुंद, मागे वळलेलं! पहिल्या माउंटन बाईकवर माणूस ताठच बसत होता. खाली वाकवलं ते पुढच्या शर्यतींनी. १९९० साली अमेरिकेतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्या सुमाराला चढावर वेळ वाचवायला दांडी लांब आणि हँडल खाली गेलं. खऱ्या डोंगरात जाणाऱ्या आजच्या सायकलींनी ती लांब दांडी केव्हाच टाकली. त्यांचं हँडल पुन्हा जवळ आणि उंच आलंय. आमच्याकडच्या आठ हजारांच्या सायकलीत मात्र ती जुनी शर्यत अजून चालू आहे. हे सगळं मी भाच्याला सविस्तर सांगितलं. मामाने इतिहास सांगायला सुरुवात केली की त्याचं नेटवर्क जातं.

ताठ बसण्याची किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. माझी सकाळची फेरी देवीच्या माळाची; तिथलं कमलाभवानीचं मंदिर गावाच्या पूर्वेला. निंबाळकरांनी १७२७ मध्ये बांधलेलं, शहाण्णव खांबांचं, आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची बारव. जाताना सकाळचं ऊन तोंडावर आणि येताना, पावसाळ्याच्या तोंडाशी, पश्चिमेचा वारा तोंडावर. सपाटीवर सायकलला अडवणारी मोठी गोष्ट वाराच, आणि छाती उघडी ठेवून बसलं की तो सगळा अंगावर घ्यावा लागतो. आषाढात असे दिवस येतात की देवीच्या माळावरून उतारानेही पायडल मारत यावं लागतं. तेव्हा वाकून बसणाऱ्या पोरांना मी मनातल्या मनात मान देतो. पण आषाढ महिनाभराचा, मान बारा महिन्यांची.

चाकांतली हवा हा आरामाचा सगळ्यात स्वस्त भाग, आणि त्याकडे कोणी बघत नाही. पंपवाला अंगठ्याने दाबून ‘टाईट’ म्हणतो ते टायर दगड झालेलं असतं. दोन इंची टायरमध्ये माझ्यासारख्या साठ-पासष्ट किलोच्या माणसाला पस्तीस-चाळीस पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो, पुढच्यात त्याहून थोडा कमी. मग खडी हाताला टोचत नाही. हवा फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटते. बाभळीच्या काट्याला मात्र दाबाशी देणंघेणं नाही, तो दोन्हींत शिरतो; माळावरून येणाऱ्या सायकलच्या पंक्चरांवर मिस्त्रींचं घर चालतं असं ते स्वतःच सांगतात.

दिवाळीत भाचा आला. बोळातल्या सायकलभोवती एकदा फिरला. “मामा, ही सायकल राहिली नाही, खुर्ची झाली.” मग दूध आणायला म्हणून तीच घेऊन गेला, कारण घरात दुसरी नव्हती. दूध यायला एवढा उशीर झाला की हिने चहा कोरा करायला घेतला. तो आला तेव्हा मी लावून घेतलेल्या कॅरिअरला दुधाची किटली, हँडलला शाळेतल्या मित्राच्या आईने दिलेली पेरवांची पिशवी, आणि कोण कोण भेटलं त्याची यादी तोंडात. सीट मात्र त्याने चार बोटं वर घेतली होती. त्याचे पाय माझ्यापेक्षा लांब, बरोबरच घेतली होती.

आता वाद उरलाय तो पुढच्या चिमट्याचा. त्यातल्या स्प्रिंगा स्वस्तातल्या. उभं राहून पायडल मारलं की सायकल पुढे जाण्याऐवजी खालीवर होते, आणि लोखंडाचं ओझं ते निराळंच. मिस्त्रींचं म्हणणं स्पष्ट आहे: “काढून टाका गुरुजी, साधा चिमटा घालू, सायकल पळंल.” साधा चिमटा त्यांनी आणूनही ठेवलाय. भाचा म्हणतो, हँडल नेलं, सीट नेली, मडगार्ड लावलं, वर घंटी बसवली. तेवढा एक शॉकप तरी डोंगराचा राहू द्या. मी त्याला पुण्याहून येऊन स्वतः पायडल मारून वर-खाली व्हायला सांगितलंय. तो संक्रांतीला येतो म्हणाला. मिस्त्री दर आठवड्याला विचारतात, “काय ठरलं?” आणि मी संक्रांतीचं नाव सांगतो.